कच्चं लायसन

खर्रकन आवाज झाला आणि सुकदेवनं ब्रेक दाबला. जीप वाळूत थोडी घसरून थांबली. डावीकडचा आरसा मुडपून काचेला चिकटला होता.

"पप्पा, झुडूप होतं," मागून भूपेंद्र म्हणाला. "चांगलं मोठं होतं."

"माले दिसनं नही."

सुकदेव खाली उतरला आणि आरसा हातानं सरळ करू लागला. जैसलमेरच्या पुढचं ते वाळवंटातलं अभयारण्य. वनखात्याचा परवाना घेऊन ते सकाळीच आत शिरले होते. गाड्यांनी पाडलेली मातीची वाट सोडली तर चहूकडे गवताचे झुबके आणि आभाळ.

सुरतेत, पांडेसऱ्यात त्यानं जन्मभर टेम्पो चालवला. मिलमधून कापडाचे तागे भरायचे, मार्केटात उतरवायचे. पुढे हातगाडी, मागे हॉर्न. टेम्पोला चौथा गिअर असतो हे तो विसरूनच गेला होता. मग काचबिंदूनं नजर दोन्ही कडांनी कुरतडायला घेतली. समोरचं तेवढं उरलं. टेम्पो विकला तेव्हा भूपेंद्रनं विचारलं होतं, "पप्पा, कुठे नेऊ? द्वारकेला?" तो म्हणाला होता, "रस्त्यावर कोणी नसेल तिथे. एकदा गाडी मोकळी चालवायची आहे."

ती हौस पाऊण तासात संपली. तो मालतीबाईच्या खिडकीशी आला.

"तू बस तठे."

"मी?" मालतीबाई म्हणाली. "माले भ्याव वाटस."

टेम्पो गेल्यावर तिनं हट्टानं कच्चं लायसन काढलं होतं. पण बमरोली रोडवर पहिल्याच दिवशी समोर रिक्षा आली आणि गाडी रस्त्यात सोडून ही खाली उतरली. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"आठे कोन शे तुले धडकायला?" सुकदेव म्हणाला. "सरक."

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी उडाली, आणि मागे भूपेंद्रचं डोकं टपावर आपटलं. "मम्मी, मारशील मला," तो हसत म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र ती निघाली. सुकदेव डोळे मिटून इंजिन ऐकत होता.

"आते दुसरा टाक. क्लच सोड, सावकाश. आते तिसरा."

गाडीनं वेग धरला. वारं आत शिरलं, पदर उडाला, तो सावरायला तिनं हात काढला नाही. धूळ मागे लांबवर उठत होती. वळणावर चिंकारा हरणं उधळली तशी ती मोठ्यानं हसली. इतकं हसताना भूपेंद्रनं आईला लग्नकार्यातही पाहिलं नव्हतं.

आणि मग तिनं कोणी न सांगता गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"माळढोक," ती कुजबुजली. कालच जैसलमेरच्या संग्रहालयात तिनं त्याचं चित्र पाहिलं होतं. "डावीकडे. गवतात."

सुकदेवनं मान फिरवली, पुन्हा फिरवली. "कोठे शे?"

मुलगा मागे बसलेला असताना मालतीबाईनं त्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि त्याचा चेहरा हळूहळू वळवत नेला, थोडा वर केला. भूपेंद्र उगाच दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागला.

"दिसना का?"

त्यानं डोळे बारीक केले. उंच पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, कुठलीही घाई नसलेली चाल.

"हां, दिसना," तो म्हणाला. "कितला मोठा शे."

पक्षी चालत राहिला आणि तिची बोटं त्याच्याबरोबर सुकदेवचा चेहरा वळवत राहिली, तो टेकाडाआड जाईपर्यंत.

दुपारी कच्ची वाट डांबरी रस्त्याला लागली. ट्रक दिसू लागले. "मम्मी, आता मी घेतो," भूपेंद्र म्हणाला. मालतीबाई उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

सुकदेवही उतरला. आयुष्यात तो कुठल्याच गाडीत मागे बसला नव्हता. दार चाचपून त्यानं उघडलं आणि तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

भूपेंद्रनं गाडी सुरू केली. पुढची डावी सीट सुरतेपर्यंत रिकामी राहिली.