गुलालाची पहिली मूठ

मार्गासनीच्या गेनबानं पोराशी बोलणं टाकलं, त्याला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. कारण ऐकाल तर हसाल. पोरगा दारू पीत नव्हता, त्यानं कुणाची पोर पळवली नव्हती, भाऊबंदांत भांडण लावलं नव्हतं. तो मोटार चालवत होता. पुण्याच्या एका वखारवाल्या शेठजींकडं नोकरीला होता, अंगावर स्वच्छ कपडे होते आणि सुट्टी मिळाली की आईच्या हातची भाकरी खायला गावी येत होता. गेनबाच्या लेखी एवढा गुन्हा पुरेसा होता.

गेनबाकडं शर्यतीची खिलारी जोडी होती. भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही जत्रेत त्याचा छकडा उतरला की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी पळायचे. ही जोडी मानसिंगनं हाकावी आणि आपण रेषेपाशी उभं राहून बघावं, यापलीकडं त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं. मानसिंग हाकायचाही झकास. आणि एक दिवस तो कासरा खुंटीला अडकवून पुण्याला निघून गेला.

"माज्या गोठ्यात पुन्यांदा पाय ठिवू नगंस," गेनबा म्हणाला होता.

पोरानं ते तंतोतंत पाळलं. गावी आला की तो घराच्या उंबऱ्यावर आईशी, धोंडाबाईशी, बोलत बसायचा. बाप समोर गोठ्यात. मध्ये अंगण. "आये, आबास्नी इचार, तांबड्याचा खूर बरा झाला का?" असं तो मोठ्यानं म्हणायचा. गोठ्यातून उत्तर यायचं नाही. मग धोंडाबाई अंगण ओलांडून तोच प्रश्न पुन्हा विचारायची आणि गेनबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "कोन इचारतंय?" बाप तसला आणि पोरगाही त्याचाच. दोघांच्या पायी ती बाई अंगणात झिजली.

त्या हिवाळ्यात कामथडीच्या पलीकडच्या माळावर पुण्यातल्या मोटारवाल्या हौशी मंडळींनी शर्यतीसाठी नवाकोरा रस्ता बांधला. मुरूम आसपासच्या गड्यांनीच टाकला, पाणी त्यांनीच मारलं, रूळही त्यांनीच फिरवला. रस्ता कुठल्याच गावाला जात नव्हता. टेकाडाला वळसा घालून जिथून निघाला तिथंच येऊन मिळत होता. गडी लोकांना त्याचं भारी हसू यायचं. पण मोटारींची शर्यत म्हणजे काहीतरी अजबच असणार, म्हणून भाटघरपासून वेल्ह्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. त्यात शेठजींच्या गाडीवर मानसिंग बसणार होता. शेठजींना स्वतःला फार हौस होती, पण त्या गाडीत ते मावत नव्हते.

शर्यतीच्या आधी तो गावी आला आणि उंबऱ्यावर न बसता अंगणात उभा राहिला.

"आये, आबास्नी म्हनावं, एकदा येऊन बघा. मोटार हाकनं बैलं हाकल्यागत हाय का न्हाई, ते बघून तुमीच सांगा."

गोठ्यात कडब्याची सळसळ झाली, तेवढीच.

शर्यतीच्या दिवशी पहाटे धोंडाबाई भाकऱ्या बांधत होती. शेजारणीच्या गाडीतून जायचं तिनं ठरवलं होतं. बाहेर आली तर गेनबा जोडी जुंपत होता.

"कुठं निघालासा?"

"कामथडीला. बाजार हाय न्हवं?"

"आज कुटला बाजार?"

"नसंल तर नसंल. बस गाडीत."

ती बसली. पेंढ्याखाली हाताला एक गाठोडं लागलं. चाचपलं तर बोटांना गुलाल लागला. धोंडाबाईनं गाठोडं पुन्हा पेंढ्याखाली सरकवलं आणि कामथडी येईपर्यंत तोंड फिरवून बसली, कारण तिला हसू आणि रडू दोन्ही एकदमच येत होतं.

आता या गुलालाचं सांगायला हवं. आमच्याकडं शर्यत जिंकली की गुलाल उधळायचा, पण पहिली मूठ बैलांच्या धन्याची. धन्यानं मूठ टाकल्याशिवाय दुसऱ्या कुणी गुलालाला हात लावायचा नाही, मग तो पाटील असो की मामलेदार. धनी अडून बसला तर अख्खी जत्रा हातात गुलाल धरून ताटकळायची. आणि जिंकलं कोण, ते निशाणवाला सांगायचा. आमचा निशाणवाला म्हणजे म्हातारा बाजी. रेषेवर बाजी "जिकला!" म्हणाला की जिंकला. त्यावर कुणी वाद घातल्याचं माहीत नाही.

माळावर ही गर्दी. रेषेच्या एका अंगाला कनाती, खुर्च्या, बॅण्ड, मडमांच्या टोप्या. दुसऱ्या अंगाला दोराच्या मागं आमची माणसं. बाजीनं रस्त्यावरची चुन्याची रेषा बघितली, तिथून पुढं थोडं अंतर पावलांनी मोजलं आणि गावाला तिथं उभं केलं. बैल रेषेवर थांबत नाहीत, पुढं जाऊन मंदावतात. म्हणून गुलालवाल्यांनी नेहमी तिथंच उभं राहायचं असतं.

"शेठजी धनी. पयली मूठ त्येंची," कुणीतरी म्हणालं.

"शेठजी त्या गाडीचा धनी," बाजी म्हणाला. "हाकनाऱ्याचा धनी ह्यो हितं हुबा हाय."

सगळ्यांनी गेनबाकडं पाहिलं. गेनबा मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखं तोंड करून उभा होता. गाठोडं मात्र त्यानं आणलं होतं आणि ते काखेत होतं.

गाड्या सुटल्या तेव्हा बायकांनी कानांवर हात घेतले. धूर, तेलाचा वास, आणि कानात नुसता गडगडाट. मेंढरं घेऊन आलेला कुंडलिक धनगर म्हणाला, "ह्येच्यापरीस डोंगरावर वाघ बरा." माणसं हसली. गाड्या टेकाडामागं गेल्या आणि माळ एकदम शांत झाला. कुणी तंबाखू मळली. कुणी म्हणालं, संपलं वाटतं. मग टेकाडाच्या दुसऱ्या बाजूनं आवाज यायला लागला आणि सगळे टाचा उंचावून बघायला लागले.

पहिली पांढरी गाडी. मानसिंगची.

गेनबाला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण वळणावर त्यानं पोराला बघितलं आणि काखेतलं गाठोडं हातात घेतलं. मानसिंग डावा खांदा खाली टाकून, अंगाचा सगळा भार आतल्या बाजूला देऊन वळत होता. छकडा असाच वळवायचा असतो. लहानपणी गेनबानं त्याच्या डाव्या खांद्यावर हात दाबून दाबून ते त्याला शिकवलं होतं.

"ह्ये माजं हाय," गेनबा म्हणाला. "अगं, ह्ये म्या शिकिवलंय!"

दोन-तीन वर्षांत धोंडाबाईनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. त्या क्षणी तो माणूस सुखी होता, हे सांगितलंच पाहिजे. त्याचे डोळे भरले होते आणि पोराचा सगळा राग कुठल्या कुठं गेला होता.

पांढऱ्या गाडीनं चुन्याची रेषा ओलांडली.

"जिकला!" बाजी ओरडला.

माणसांनी घरून आणलेल्या गुलालाच्या मुठी भरल्या आणि गेनबाकडं पाहिलं. मानसिंगनंही पाहिलं. दोराला टेकून उभा असलेला बाप त्याला दिसला. धोंडाबाई शपथेवर सांगते, तो तोंडभर हसला. गेनबानं हात वर केला आणि पहिली मूठ टाकली.

मग सगळ्या गावाची मूठ पडली. शे-दोनशे हात. लाल ढग उठला आणि पांढरी गाडी त्या ढगात शिरली. मोटारवाल्यांच्या चष्म्याची काच तेलाच्या शिंतोड्यांनी चिकट झालेली असते. त्यावर गुलाल बसला की झटकला जात नाही. हे आम्हाला नंतर सांगण्यात आलं. गाडी मंदावेल अशी सगळ्यांची समजूत होती. ती मंदावली नाही. पुढं वळण होतं. सगळ्यांनी त्याला एक हात डोळ्यांवर चोळताना पाहिलं. गाडी सरळ गेली आणि दगडांच्या बांधावर आदळून पलीकडच्या ओढ्यात पडली.

मागच्यांना काही दिसलं नव्हतं. ते अजून उधळतच होते. त्यांचं ओरडणं थांबायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात दुसरी गाडी आली, तिसरी आली, आणि कुणीच थांबलं नाही. सगळ्या सुसाट पुढं निघून गेल्या. भिमा नावाचा तरणा गडी गुलालाच्या हातानं डोकं खाजवत म्हणाला, "आता ह्ये कशापायी पळत्यात?"

शिट्टी गळ्यात अडकवलेला एक पुणेरी गृहस्थ धावत आला. रागानं तो ओरडला, "मूर्ख आहात का तुम्ही? अजून नऊ फेऱ्या आहेत! नऊ!"

बाजी त्याच्याकडं बघत राहिला. "जिकला व्हता की," तो म्हणाला. मग पुन्हा तेच, हळू आवाजात. त्या दिवसानंतर बाजीनं निशाण हातात धरलं नाही.

खरं म्हणजे माणसांनी रडायला हवं होतं, पळत सुटायला हवं होतं. कुणी काही केलं नाही. गाव होतं तिथंच उभं राहिलं. दर फेरीला गाड्या यायच्या तशा माना इकडून तिकडं वळायच्या, बस्स. पुढं कुणीतरी जिंकलं. बॅण्ड वाजला. शर्यत कशी झाली म्हणून नंतर कुणी विचारलं तर आमची माणसं म्हणायची, धूळ लई व्हती.

गेनबा ओढ्याकडं चालत गेला. पळाला नाही. मागून धोंडाबाई. कनातीतला डॉक्टर त्यांच्याआधी पोचला होता आणि त्याचं काम संपलंही होतं. मानसिंगला घोंगडीवर ठेवला होता. कुणीतरी चष्मा काढला होता. सगळं तोंड गुलालानं लाल, आणि डोळ्यांभोवती तेवढी दोन स्वच्छ वर्तुळं. धोंडाबाईनं पदर ओला करून तोंड पुसायला घेतलं. ते पुसलं जाईना, नुसतंच पसरत होतं. तरी ती पुसत राहिली.

शेठजी रडत होते. माणूस वाईट नव्हता. "माझ्या मोटारीतून न्या त्याला घरी," ते म्हणाले.

"गाडी हाय माजी," गेनबा म्हणाला.

नुसता चाबूक उगारला तरी उधळणारी ती जोडी त्या दिवशी मार्गासनीपर्यंत चालत आली. कासरा सैल होता. गेनबा पुढं बसला होता आणि त्याच्या मनात काही नव्हतं. रस्त्यातल्या झाडांकडं तो बघत होता आणि हे जांभूळ, ही करंज, एवढंच त्याला कळत होतं.

दिवस मावळायच्या आत नदीकाठी नेलं. आमच्यात मयतावरही गुलाल-बुक्का टाकतात. भिमानं गुलालाचं ताट आणलं. कुणी पुढं होईना. ज्याच्या त्याच्या नखांत सकाळचा गुलाल होता, जो तो हात पाठीमागं धरून उभा होता. शेवटी एक वडीलधारा म्हणाला, "गेनबा, रीत हाय बाबा. पयली मूठ तुजी."

"म्या टाकलीया," गेनबा म्हणाला. "सकाळीच."

भिमा ताट घेऊन तसाच मागं फिरला. मानसिंगला नुसत्या बुक्क्यानं निरोप दिला.

आंघोळ करून सगळे परतले. पाहुणे पडवीत टेकले. गेनबा सवयीनं गोठ्यात गेला. तांबड्या बैलानं त्याचा हात हुंगला आणि चाटायला लागला. नदीत दोनदा धुऊनही रेघांमधला गुलाल गेला नव्हता. खरखरीत जिभेनं हात हुळहुळायला लागला, तरी गेनबानं तो काढून घेतला नाही.

समोर उंबऱ्यावर धोंडाबाई एकटी बसली होती. तिची जागा आतल्या अंगाला. बाहेरच्या अंगाला पोरगा बसायचा, ती जागा तिनं मोकळी सोडली होती.

"अवं," ती तिथूनच म्हणाली. "त्यानं बघितलं तुमास्नी. हसला व्हता."

गोठ्यातून नेहमीसारखंच काही उत्तर आलं नाही. मग गेनबा बाहेर आला. अंगण ओलांडलं आणि मोकळ्या जागेवर येऊन बसला.

"गोठ्यात ये म्हनायचं ऱ्हायलं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडं वळून बसली.

"काय काय म्हनायचा गं त्यो? मला सांग म्हनून जे सांगायचा, ते सांग."

"समदं?"

"समदं."

धोंडाबाईनं पदर सावरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तांबड्याचा खूर बरा झाला का. औंदा कडबा पुरंल का. आबांच्या पाठीची उसण कशी हाय, पुण्यात चांगलं तेल मिळतं, आणू का. गेनबानं हे सगळं गोठ्यातून तेव्हाच ऐकलं होतं. आता तो एकेकाला उत्तर देत होता.

"बरा झाला," तो म्हणाला. "पुरंल. आन म्हनावं."