सगळा दोष जाळीचा

मी एक जुनी जाळी आहे. कोळ्यांची नव्हे, पीठ चाळायच्या कापडाची मी चुलत बहीण. एका आजींनी मला नरसाळ्यासारखं शिवलं, तोंडाला पितळी कडं आणि बुडाला डबा लावला. मित्रांनो, मला खोल समुद्रातले एकपेशीय जीव पकडायला धाडलं. जीव चांगले होते. माणसं मात्र एकेक नग भेटली.

खाली आठशे मीटरवर मिट्ट काळोख असतो. तिथे काही उगवत नाही. वरून मेलेल्या जिवांचा चुरा, माशांची विष्ठा, असलं उष्टंखरकटं सावकाश पडत राहतं. हे एकपेशीय जीव चिकट धागे पसरून ते झेलतात आणि त्यावर जगतात. अंगात काचेसारख्या काड्यांचा सांगाडा आणि मधे खाल्लेल्याचा तपकिरी गोळा, एवढाच त्यांचा संसार.

जहाजावरच्या मोठ्या साहेबांना हे पटायचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काचेची कुसळं आणि तपकिरी गाळ दिसायचा. "कचरा आहे, ओता," ते म्हणायचे. सहा वर्षं ओतलं मेल्यांनी!

त्यांच्या हाताखालच्या बाई सांगून थकल्या. "साहेब, आपण दोर फार जोरात ओढतो. जीव जाळीवर आपटून फुटतात."

"तुमच्या कचऱ्यासाठी जहाज थांबवून ठेवू? या सफरीत काही मिळालं नाही, तर तुमचं काम बंद."

शेवटच्या दिवशी साहेब जेवायला बसल्यावर बाई दोर ओढणारं यंत्र चालवणाऱ्या काकांपाशी गेल्या. "काका, आज हळू ओढाल?"

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत."

"मग ओरडा तुम्ही खायचा," म्हणत काकांनी वेग कमी केला.

दोन तास मी वर येत होते. डब्यात चाळीस जीव निघाले, अगदी अख्खे. एकाच्या धाग्यांत चुऱ्याचा कण अजून अडकलेला होता. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता चूक कबूल करतील. कसली कबुली!

"इतकी वर्षं जाळीच खराब होती, असं अहवालात लिहा," ते म्हणाले. "मग मी सही करतो."

अख्खे जीवही माझ्यातूनच आले होते, दोष वेगाचा होता, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी तसंच लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यांचं काम वाचलं आणि मी डेकवरच्या कोठारात रंगाच्या डब्यांखाली गेले. तेव्हापासून मला कुणी गोड्या पाण्याने धुतलं नाही. मिठाने माझी वीण कडक झाली आहे. बाईंचा राग मी अजून सोडलेला नाही.

नंतर नवी कोरी जाळी आली. दोष जाळीचाच होता ना, म्हणून दोर पूर्वीच्याच वेगाने ओढला. परवा तिच्या डब्यातही कुसळं आणि गाळच निघाला. "ओता," साहेब म्हणाले. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या काय बोलणार? लिहिलं त्यांनीच होतं.

मित्रांनो, माझी कीव करू नका, मला ती नको. पण हातात तुकडे आले, तर आपण किती जोरात ओढलं ते आधी बघा. आणि बघितल्यावर खरं तेच लिहा.