पायजम्याची पिशवी

कल्याणीने बोहारणीला द्यायला काढलेल्या पायजम्याच्या एका पायाची पिशवी शिवली, आणि तिच्यात आख्खा आठवडी बाजार मावला. नुसती भाजी नव्हे हो, बाजार! मेथीवाली मावशी, तिचा तराजू, डोक्यावरची ताडपत्री, सगळं. एवढं खांद्याला लटकवून ती घरी आली, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"हलकी आहे गं," सासूबाई पिशवी हातात घेऊन म्हणाल्या. "आणि शिवण बघा किती सरळ! कोण म्हणेल नवशिकी?"

उज्ज्वला, म्हणजे थोरली जाऊ, पोळ्या लाटत होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं ती या घरात राबत होती, आणि सासूबाईंच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'छान केलंस' ऐकायला तिचे कान आसुसले होते. ही धाकटी आठ महिन्यांपूर्वी आली काय, चार दिवस शिवणाच्या क्लासला गेली काय, आणि डोक्यावर चढून बसली!

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने दार लावून घेतलं आणि पायजम्याचा दुसरा पाय शिवायला घेतला. पिशवी उलट्या बाजूने शिवून मग सुलटी करायची असते, हे तिला कोण सांगणार? तिने सुलटीच शिवली. कापडाच्या कडा बाहेर, दोरे लोंबताहेत. आत एक लिंबू टाकलं तर पिशवी भरली. दुसरं खाली पडलं.

"अगंबाई, ताई, उलटी करायची राहिली!" कल्याणी हसली. वाईट नाही हसली, पण हसली.

"असू दे, ओटा पुसायला होईल," सासूबाई म्हणाल्या.

कल्याणीची पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. आधी तिच्यात अडगळ गेली. मग पिंप, कपाट, दिवाण. मग सासूबाई दुपारी पडायला आत जाऊ लागल्या, कारण आत म्हणे वारा छान येतो. त्यांच्यामागे धाकटा दीर आणि कल्याणी गेली. शेवटी उज्ज्वलाचा नवरा, दिगंबर, पेपर घेऊन गेला.

"अहो, जेवायला या."

"इकडेच दे ना," पिशवीतून आवाज आला. "नाहीतर तूच ये."

"तिच्या पिशवीत? मेले तरी येणार नाही."

"मग राहा," दिगंबर म्हणाला. चिडला वगैरे नव्हता तो.

उज्ज्वला ताटं आत सोडायची आणि रिकामी ओढून घ्यायची. आत कल्याणी सगळ्यांना जुन्या टॉवेलची हातपुसणी शिवायला शिकवत होती. हसणं ऐकू येई आणि उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड होई. सामान गेलं तसं घरही आक्रसत चाललं होतं. बुधवारी माजघर गेलं. शुक्रवारी ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना टेकलेले. पिशवी नाकासमोर.

तिने सुई ओवली आणि पिशवीचं तोंड शिवायला सुरुवात केली.

"अगंबाई!" आतून सासूबाई म्हणाल्या. "हे टाके कुणाचे? एकसारखे, मशीनने घातल्यासारखे! छान केलंय हो!"

उज्ज्वलाचा हात थांबला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कल्याणीचे असणार," दिगंबर म्हणाला.

"तर काय! तुझ्या बायकोला जमतंय होय एवढं?"

कल्याणी नुसती हसली.

"मी घालतेय!" उज्ज्वला ओरडली. "अहो आई, मी घालतेय!"

"बाहेर कोण कलकल करतंय?" सासूबाई म्हणाल्या. "शिव गं तू, शिव."

दोन बोटांएवढं तोंड उरलं होतं, आणि दोरा संपला. उज्ज्वलाने अंबाडा सोडला, डोक्यावरचा एक लांब केस उपटला आणि सुईत ओवला.