मोडवेना असं वाक्य

मुलाखती घ्यायच्या म्हणजे तयारी हवी, आणि तयारीत आमच्या संशोधक बाईचा हात कुणी धरला नसता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करणाऱ्या बायकांचा एक ऑनलाइन गट होता, त्यांच्याशी तिला प्रबंधासाठी बोलायचं होतं. आधी गट चालवणाऱ्या काकूंची परवानगी, मग विद्यापीठाच्या नीतिसमितीची. प्रश्न सव्वीस, तेही चारदा बदललेले. बोलता बोलता कुणाला रडू फुटलं तर काय करायचं, त्याचा कागद वेगळा. "अगं, मुलाखत घेणार आहेस की ऑपरेशन करणार आहेस?" तिची आई विचारायची.

गटात खऱ्या नावाने कुणी लिहीत नसे. एक जण स्वतःला पायपुसणी म्हणवून घ्यायची. घरात येणारा-जाणारा पाय पुसून जातो म्हणून, हा खुलासाही तिचाच. अकरा वर्षं ती सासूचं सगळं अंथरुणातच करत होती, आणि जे घरात बोलायची सोय नव्हती ते इथे लिहीत होती.

समितीला अर्जासोबत गटातली वाक्यं नमुना म्हणून हवी होती. आता गट उघडा, कुणीही वाचावा असा. वाक्य जसंच्या तसं उचललं, तर ते इंटरनेटवर टाकून शोधणारा थेट लिहिणारीच्या दारात पोचणार. म्हणून बाईचा नियम होता: वाक्य मोडायचं, अर्थ ठेवून शब्द बदलायचे. वीस वाक्यं तिने मोडली. एकविसावं पायपुसणीचं होतं. "दुपारी सासूबाई झोपल्या की मी त्यांचा श्वास बघते. चालू असला की हायसं वाटतं, आणि मग थोडं वाईटही."

ते काही मोडवेना. तीनदा बदललं, तिन्ही वेळा त्यातला जीवच गेला. लिहिणाऱ्यांचा हा जुना रोग आहे बघा, दुसऱ्याचं चांगलं वाक्य हातात आलं की सुटत नाही. नाव कुठे घातलंय, अर्ज वाचणार कोण तर चार माणसं, असं मनाशी म्हणत तिने ते तसंच ठेवलं.

समिती खूश झाली. इतकी खूश, की अर्ज कसा लिहावा याचा नमुना म्हणून तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर चढवला. बाईला कुणी विचारलं नाही, आणि खोटं कशाला बोला, तिलाही बरंच वाटलं. तिथून ते वाक्य एका पत्रकाराने उचललं आणि रविवारच्या पुरवणीत मोठ्या अक्षरात छापलं.

पुरवणी पायपुसणीच्या नणंदेच्या घरी येत होती. वाक्य तिला भिडलं म्हणे! मैत्रिणीला पाठवायचं म्हणून तिने फोनवर शोधलं, तर समोर अख्खा गट. डावं अंग गेलेली सासू, कोपऱ्यातलं शिवणयंत्र, तिसऱ्या मजल्यावर न थांबणारी लिफ्ट. आपलीच आई की ही!

तीन दिवसांनी काकूंचा बाईला फोन आला. "लेकीने येऊन आईला उचलून नेलं. वहिनी आईच्या मरणावर टपली होती, असं नात्यात सांगत सुटलीय. पायपुसणीचा नवराही तिच्याशी बोलत नाही. आणि आमच्यातल्या निम्म्या जणी गट सोडून गेल्या. तू चांगली मुलगी आहेस गं, पण काय करून बसलीस हे!"

बाई तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांकडे धावली. सर म्हणाले, वाक्य वेबसाइटवरून काढू, काळजी करू नकोस, तुझी मान्यता कायम आहे. मान्यता! तिला स्वतःची किळस आली. रडू फुटलं तर काय करायचं तो कागद तिने लिहिला होता, पण त्यात तिच्यासाठी ओळ नव्हती, आणि पायपुसणीसाठी तर नव्हतीच.

काकूंनी पायपुसणीला विचारून तिचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने फोन लावला.

"ताई, चूक माझीच आहे. मी कुणाकुणाला भेटून सांगू, सांगा. नणंदबाईंना सांगू?"

"काय सांगणार? की ते मी लिहिलंच नाही?"

नावं लिहायला घेतलेला कागद बाईने बाजूला सारला.

"लिहिलं मीच. पण तिकडे त्यांची कूस दर दोन तासांनी बदलतायत का, तेवढं कुणी सांगत नाही मला. फोन केला की ठेवून देतात."

"ताई, मी..."

"असू दे. मुलाखत कधी घेताय?"

"मुलाखत? आता कुठल्या तोंडाने घेऊ?"

"घ्या की. आता मला दिवसभर काही काम नाही."