पाव शब्दाचं ऑपरेशन

डॉ. केदार पूर्ण शब्द बोलत नाहीत. बोलता येत नाही असं नव्हे. लग्नाच्या व्हिडिओत ते एक सबंध वाक्य बोलताना दिसतात, असं त्यांच्या पत्नी सांगतात. पण बोईसरला नवापूर रस्त्यावर त्यांनी वीस खाटांचं हॉस्पिटल काढलं, दुर्बिणीतून पोटाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की 'वर' म्हणायची गरज नाही, नुसतं 'व' म्हटलं तरी कॅमेरा वर जातो. मग 'खाली'चा 'खा' झाला, 'पुसून आण'चा 'पु'. उरलेल्या अक्षरांचं ते काय करतात, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर कळलं नसतं.

हे जमलं ते जमुनामुळे. जमुना आमच्या ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरातली सिस्टर, मनोरच्या पुढच्या पाड्यावरची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाला चार बारीक भोकं पाडतात. सर्जनचे दोन्ही हात अवजारांत गुंतलेले असतात आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. म्हणजे सर्जनचे डोळे दुसऱ्याच्या हातात. बारा वर्षं डॉ. केदारांचे डोळे जमुनाच्या हातात होते, आणि तो हात कधी थरथरला नाही. डॉक्टरांनी 'बा' म्हणावं आणि कॅमेरा बाजूला जावा. पुन्हा 'बा' म्हणावं आणि कॅमेरा बाहेर यावा. 'बा' तोच. मी स्वतः कान देऊन ऐकलाय. मी भूल देतो, त्यामुळे ऐकण्यापलीकडे मला तिथे फारसं काम नसतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांची भाची किंजल आली. ती पुण्यात, ऐकणारा माणूस बोललेला शब्द ओळखतो कसा, यावर संशोधन करते. तिने आम्हाला चहा पिताना समजावलं. ऐकणारा शब्द संपायची वाट बघत नाही. पहिला आवाज कानावर पडला की डोक्यातले तसल्या आवाजाचे सगळे शब्द उमेदवारी अर्ज भरतात. पुढच्या आवाजाला निम्म्यांचे अर्ज बाद होतात, त्याच्या पुढच्याला आणखी काहींचे, आणि बऱ्याचदा शब्द संपायच्या आतच एकजण बिनविरोध निवडून येतो.

"आमच्या पंचायतीसारखं," धीरज म्हणाला. धीरज समुद्रकाठच्या नवापूरचा, दहा वर्षं अवजारं उकळण्याच्या कामावर.

किंजलने ओटीत माइक लावला, जमुनाच्या मनगटाला कसलासा पट्टा बांधला आणि आठवड्याने डोळे विस्फारून जाहीर केलं, "मामा, 'बा' पुरता कानात शिरायच्या आत मावशींचा हात हललेला असतो. यांचा कान असामान्य आहे."

"ब," डॉक्टर म्हणाले.

"बरं म्हणतायत," जमुनाने सांगितलं.

त्या दिवसापासून जमुना डोकं थोडं वाकडं करून, कान पुढे काढून चालायला लागली.

आणि यंदा एप्रिलात तिच्याच पित्ताशयात खडे निघाले.

बारा दिवसांवर तिच्या भाचीचं लग्न. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहायला घरात जमुनाच. त्यांच्यात चौक काढत नाहीत, लिहितात; तांदळाच्या पिठाने, भिंतीसमोर उकिडवं बसून, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. दुर्बिणीतून पित्ताशय निघालं तर आठवड्याभरात उकिडवं बसता येतं. पोट उघडावं लागलं तर दीड महिना नाव काढायचं नाही. जमुनाला हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मुंबईला जा," मी म्हटलं.

"कशाला? सरांच्या हातनं निघालेली पाचशे पित्ताशयं मी बघितली हायेत. माझ्याच पित्ताशयानं काय घोडं मारलंय?"

"पण कॅमेरा कोण धरणार?"

"धीरज."

धीरजने हातातली कात्री खाली ठेवली. "ताय, मला सरांचं काय बी समजत नाय. दहा वर्षं मी नुसता हसतो."

"मी हाय ना! भूलवाले सर, तुमी मला कमरेत इंजेक्शन द्या. खालचं बधिर, वरची मी जागी. सर बोलतील, मी धीरजला सांगीन. कान तर माझा जागा राहील ना?"

मी दोन दिवस विचार केला. कमरेत इंजेक्शन देऊन हे ऑपरेशन करता येतं. पोटात हवा कमी भरायची एवढंच. डॉक्टरांना विचारलं. ते "च" म्हणाले. जमुना म्हणाली, "चालेल." तो 'चालेल' होता की 'चक्रमपणा', हे ठरवायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. किंजल तर पुण्याहून रातोरात माइक घेऊन आली. तिच्या शास्त्राच्या इतिहासात दुभाष्यावरच ऑपरेशन चालू आहे, असा प्रयोग झालेला नव्हता.

मंगळवारी सकाळी नऊला सुरुवात झाली. जमुना उताणी, डोक्याकडे टेबल उचललेलं, छातीपाशी हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी, किंजल आणि जमुनाचं डोकं. पलीकडे डॉक्टर, धीरज आणि उरलेली जमुना. भोकं पडली, कॅमेरा आत गेला.

"बा," डॉक्टर म्हणाले.

सगळे जमुनाकडे बघायला लागले.

जमुनाने कान पुढे काढला. डोळे मिटले. उघडले. "सर, परत?"

"बा."

"बाजूला," ती म्हणाली. धीरजने कॅमेरा बाजूला नेला. मॉनिटरवर पोटाची भिंत दिसायला लागली, गुलाबी आणि निरुपयोगी.

"बा! बा!"

"बाहेर! नाय, बाजूलाच, दुसऱ्या! धीरज, तू आत्ता नक्की कुठं हायेस?"

"ताय, मला काय माहीत? पोट तुझं हाय!"

पुढची दहा मिनिटं धीरजने आम्हाला जमुनाचं पोट हिंडवून दाखवलं. यकृत पाहिलं, आतडी पाहिली, यकृत दुसऱ्या बाजूने पाहिलं. कॅमेरा एकदा सपशेल बाहेर आला आणि ओटीचं छत दिसलं, त्यावर पाल होती. जमुना एकेका अक्षरावर तीन-तीन शब्द लावून बघत होती आणि प्रत्येक वेळी चौथाच निघत होता. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात तिचा खांदा दुखायला लागला. पोटातल्या हवेने खांदा दुखतो; पोट सोडून खांदाच का, हे रोग्याला समजावण्यात वेळ जातो, म्हणून मी शिरेतून थोडं औषध दिलं. या औषधाने दुखणं कमी होतं आणि भीड पार संपते.

"किंजे," जमुना एकदम गोड आवाजात म्हणाली, "तुझा माइक खोटा हाय ग. मला सरांचं काही म्हणजे काही कळत नाय." आणि ती हसायला लागली. तिचं पोट हलायला लागलं. मॉनिटरवर यकृत नाचायला लागलं.

"हसवू नका तायला!" धीरज ओरडला. "फोकस जातोय!"

किंजल मात्र टुणकन उडाली. "अय्या! मावशी, तुम्ही कधी ऐकतच नव्हतात! तुम्हाला मॉनिटर दिसायचा. पुढे काय हवं ते दिसायचं, म्हणून 'बा'चं काय करायचं ते कळायचं! मामा नुसता ताल देत होते!"

मॉनिटर जमुनाच्या उजव्या खांद्याशी होता, डॉक्टरांकडे तोंड करून. जमुनाला त्याची पाठ दिसत होती आणि पाठीवरचं बनवणाऱ्या कंपनीचं नाव. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळे उच्चशिक्षित आहोत.

"ओ," डॉक्टर म्हणाले.

हे एकच अक्षर हॉस्पिटलात सगळ्यांना कळतं, बाहेरच्या वॉचमनलासुद्धा. 'ओपन'. डॉक्टरांचा नियम आहे, वीस मिनिटांत नीट दिसलं नाही तर दुर्बीण ठेवायची आणि पोट उघडायचं. अजून थोडी मिनिटं बाकी होती, पण तयारी म्हणून मोठ्या अवजारांचा ट्रे सरकवल्याचा खणखणाट झाला. जमुनाचं हसू थांबलं.

"ओ नाय! सर, ओ नाय म्हणायचं! मला चौक लिहायचाय! भूलवाले सर, मला दाखवा. कसं बी करा, मला माझं पोट दाखवा!"

मी माझा फोन मॉनिटरसमोर धरला आणि तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तिचा फोन किंजलने तिच्या तोंडासमोर धरला. जमुनाने स्वतःचं पित्ताशय पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अग बाई, किती चिकटलंय! धीरज, वर घे. डावीकडं. थांब. आता पुस."

चित्र स्वच्छ झालं. डॉक्टरांनी अजून 'पु' म्हटलेलंच नव्हतं. आम्हाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण माझ्या एका हातात फोन होता. तेवढ्यात किंजलच्या हातातलं पित्ताशय नाहीसं झालं आणि तिथे सपना हसताना दिसली. सपना म्हणजे जमुनाची बहीण, नवरीची आई. तिचा फोन आला होता.

"कापा तो!" मी म्हणालो.

"कापू नका, ती पन्नास वेळा करील. उचल. सपने, बोल पटकन."

"जमू, हिरव्या बांगड्या दोन डझन घेऊ का तीन?"

"तीन घे. माझ्या पोटात कॅमेरा हाय, मागनं बोलते."

"बरं. जेवलीस का?"

पित्ताशय परत आलं, पण बोईसरचं नेटवर्क आता शहाण्यासारखं वागेना. चित्र थांबायचं, मग उडी मारायचं. जमुना 'वर' म्हणायची तोवर धीरज वरून परत आलेला असायचा. भिंतीवरच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली. डॉक्टरांनी श्वास घेतला. त्यांचे ओठ गोल झाले.

"केदार सर!" जमुना ओरडली. बारा वर्षांत तिने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. ते औषध बोललं असं आम्ही नंतर ठरवलं. "ओठ मिटा! पहिलं तोंड मिटा, आणि मग उघडून अख्खं बोला! शेवटपर्यंत! धीरज काय बहिरा हाय? गडी नवापूरचा हाय, समुद्रावरनं हाक ऐकतो. त्याला सांगा काय पाहिजे ते! माझ्या पोटावर अक्षरं कसली वाचवताय?"

नाडी दाखवणारं यंत्र जरा जोरात टुकटुक करायला लागलं.

डॉक्टरांच्या कपाळाची शीर उडाली. वर्षानुवर्षं न उघडलेलं शटर वर जावं तसा त्यांच्या घशातून आवाज आला. "धी...रज. कॅमेरा... थोडा उजवीकडे... घेशील... का?"

"घेतो सर," धीरज म्हणाला आणि त्याने घेतला. कॅमेरा बरोबर जागी गेला. धीरजच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांनी त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं.

"आता खाली. अजून. बस. आता पित्ताशयाची नळी दिसतेय. इथे क्लिप लावू. इथे दुसरी. धीरज, लेन्स धुरकटलीय, बाहेर काढून कोमट पाण्याने पुसून आण. शाब्बास. आता जवळ ये, घाबरू नकोस, हे असं चिकटलेलं सोडवायला वेळ लागतोच, माझे गुरुजी म्हणायचे..."

गुरुजी काय म्हणायचे ते पुढची चाळीस मिनिटं चाललं. गुरुजी झाल्यावर त्यांनी माकुणसारच्या आजोळची हकीगत सांगितली, मग चिकूच्या झाडांना लागलेली कीड, मग तारापूरच्या रस्त्याची अवस्था. किंजलचा माइक भरला. मोठ्या अवजारांचा ट्रे कोपऱ्यात तसाच झाकलेला राहिला. पित्ताशय पिशवीत घालून बेंबीतून बाहेर आलं तेव्हा डॉक्टर पहिलीतल्या बाईंविषयी बोलत होते आणि जमुना तोंड उघडं ठेवून घोरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. डॉक्टर राउंड घेत होते, म्हणजे तिसऱ्या खाटेपाशी उभं राहून हर्नियाच्या पेशंटला स्वतःच्या मुंजीच्या जेवणाचा बेत सांगत होते. राउंड सातला सुरू झाला होता. दहा वाजले होते. पेशंट हात जोडून ऐकत होता.

"भूलवाले सर," जमुना कुजबुजली, "मला कालचं काय आठवत नाय. पण यांना काय टोचलंत तुमी?"

"मी नाही. तूच."

तिने चादरीखाली हात घालून पोट चाचपलं. एक पट्टी, दोन, तीन, चार. पुन्हा मोजल्या. मग ती हळूच खाटेवरून उतरली, मी "अग, अग" म्हणेपर्यंत वॉर्डाच्या भिंतीसमोर गेली, एका हाताने खाटेचा दांडा धरला आणि इंच इंच करत खाली उकिडवी बसली. तोंड वाकडं झालं, पण बसली. उजवा हात उचलून तिने बोटाने रिकाम्या चुन्यावर एक आडवी रेघ ओढली. हात थरथरला नाही.

डॉक्टर तोवर बोलत बोलत तिच्यापर्यंत आले होते. "जमुना! उत्तम! पहिल्या दिवशी बसणं म्हणजे काय असतं सांगतो, पोटाच्या स्नायूंचे तीन थर असतात, त्यातला सगळ्यात बाहेरचा..."

"सर," जमुना मान न वळवता म्हणाली, "ऐकते मी. पण जरा उजेडातनं सरका. भिंत दिसत नाय."