खुर्ची मागायची नसते

पर्यटक यायच्या आधी बेटावर उसनी नेलेली वस्तू परत करायची पद्धत नव्हती. ज्याची वस्तू, त्याने ती स्वतः जाऊन आणायची. त्यातही वस्तूचं नाव काढायचं नाही. आधी बसायचं, इकडच्यातिकडच्या गप्पा मारायच्या, समोरून चहा आला की प्यायचा आणि ‘बरं, निघतो’ म्हणत उठताना वस्तू उचलून चालू लागायचं. तोंडाने मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. आणि आपणहून कुणी परत आणून दिलीच, तर त्याला पुन्हा तुमचं तोंड बघायचं नाही असा अर्थ व्हायचा. साऱ्या बेटावर शिडी एकच होती. तिच्यावर वर्षातून चारदा कुणीतरी चढायचं; बाकीचे दिवस ती चहाच्या निमित्ताने घरोघर हिंडायची.

हे सगळं कंगवेभाऊंना हल्ली रोज आठवायचं, कारण त्यांची खुर्ची अडकली होती.

कंगवेभाऊ बेटावरचे एकुलते एक न्हावी. कानावर कंगवा नसला तर लोक त्यांना ओळखत नसत. खुर्ची लोखंडी, फिरती, मानेला गादीचा टेकू असलेली आणि डावीकडे वळवली की शिंकणारी. दीड वर्षापूर्वी धक्क्यावरच्या बर्फाच्या गोदामात ‘जुनं बेट’ नावाचं संग्रहालय निघालं, आणि तिथली मॅडम खुर्ची मागायला आली. किती दिवसांसाठी, हे भाऊंनी विचारलं नाही. बेटावर ते कुणीच विचारत नसे. मॅडमने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही ठोकली. बाहेरच्या माणसांत उसनं नेताना सही घेत असतील, असते एकेकाची पद्धत. बाकीच्या बेटानेही तशाच सह्या केल्या. शिडी गेली, शंभर माणसांचं पातेलं गेलं, बोटीचा भोंगासुद्धा गेला. मग एकमेकांकडे जायला कारणच उरलं नाही. तोवर घरांच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या गेल्या होत्या आणि दारांवर आकडे दाबायची कुलुपं बसली होती. भाऊंचा सख्खा चुलतभाऊ स्वतःच्या दाराचा आकडा विसरून एकदा तीन तास पाहुण्यांसारखा व्हरांड्यात बसून होता.

भाऊ आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसवायचे. त्यांचा साडू बोटवाला मात्र हटून बसला. डोकं टेकवीन तर त्याच खुर्चीत, असं त्याने जाहीर केलं. दीड वर्षात त्याचे केस खांद्यावर आले आणि दाढी शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचली. पर्यटक त्याच्यावर फिदा झाले. धक्क्यावर त्याचं मोठं पोस्टर लागलं, खाली लिहिलं होतं, ‘बेटाचा आत्मा’. आत्म्याला रात्रंदिवस खाज सुटत होती.

आता रविवारी साडूच्या मुलीचं लग्न होतं. असेच मांडवात आलात, तर हे गृहस्थ फोटोपुरते भाड्याने आणलेत असं मी सासरी सांगेन, हे तिने वडिलांना शांतपणे बजावलं होतं. पोरगी शब्दाची पक्की होती. म्हणून सोमवारी भाऊंनी धुतलेला शर्ट घातला आणि ते खुर्ची आणायला निघाले.

संग्रहालयात गेले, खुर्चीसमोरच्या बाकावर बसले. खुर्चीभोवती लाल दोरी होती आणि तिच्या हातावर ‘हात लावू नये’ अशी पाटी लटकत होती. मॅडम आली. भाऊंनी वाऱ्याचा विषय काढला, तिच्या आईची तब्येत विचारली, तिकडे भाज्या कशा मिळतात ते विचारलं. ती हसून बोलली, पण चहाचं नाव नाही. मंगळवारी तेच. बुधवारी भाऊंच्या लक्षात आलं की भिंतीवर ‘खाण्यापिण्यास मनाई’ असं लिहिलंय. म्हणजे इथे चहा येणारच नव्हता. आणि चहा नाही तर खुर्ची नाही.

“अहो, तोंडाने मागा की,” बायको म्हणाली. “चार शब्द तर बोलायचेत.”

“मागायला खुर्ची काय पळून चाललीय?”

“ती नाही, पण रविवार चाललाय. माझ्या भाचीच्या लग्नात तो साधूबाबा उभा राहिला ना, तर तुम्हीही त्याच्याच शेजारी उभे राहा. घरी यायची गरज नाही.”

शुक्रवारी भाऊंनी साडूला सोबत नेलं. आत्म्याला प्रत्यक्ष बघून पर्यटकांनी रांग लावली. कुणीतरी त्याला पोस्टरवर सही करायला लावली. चहा तेवढा झाला नाही.

शनिवारी दुपारी दोघे पुन्हा बाकावर. खुर्चीचा विषय काढता येत नव्हता, म्हणून भाऊंनी शिडीची गोष्ट सुरू केली. एका म्हातारीने शिडी आणायला जाऊन अकरा कप चहा घेतला, आणि शेवटी शिडी विसरून त्या घरचं मांजर घेऊन आली. मग ते मांजर आणायला अख्खं घर तिच्याकडे गेलं आणि जेवूनच परतलं. मॅडम हसून हसून भिंतीला टेकली. डोळे पुसत म्हणाली, “काका, माझ्या थर्मासमध्ये चहा आहे. इथे मनाई आहे, ऑफिसात या. घोटभर घेणार ना?”

भाऊ इतक्या झटकन उठले की त्यांच्या कानावरचा कंगवा खाली पडला.

ऑफिसात त्यांनी चहा अगदी सावकाश घेतला. घाई दिसायला नको. थर्मासच्या झाकणातला साडूचा चहा दाढीत गेला, पण नियमाला तेवढा पुरेसा होता. मग भाऊ उठले, ‘बरं, निघतो’ म्हणाले, बाहेर येऊन दोरी बाजूला केली आणि साडूने पुढून, त्यांनी मागून खुर्ची उचलली. दारावरच्या रखवालदाराने त्यांच्यासाठी दोन्ही दारं उघडून धरली. जड सामान आलं की दारं धरायची, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. हा कार्यक्रमाचाच भाग असणार असं समजून पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम हातात कप घेऊन मागे धावली.

“काका, हे काय चाललंय?”

“पोरी, चहा झाला ना,” भाऊ म्हणाले. आणि तिचा चेहरा बघून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी तिला नियम फोडून सांगितला.

धक्क्यावरूनच तिने उघड्या दारातून आतली शिडी, पातेलं, भोंगा असं एकेक करून पाहून घेतलं. साडूचा हात अवघडला, पण खुर्ची खाली ठेवणं बरं दिसलं नसतं. शेवटी तिने विचारलं, “म्हणजे आतलं सगळंच उसनं आहे?”

“सगळं.”

“आणि सगळे वाट बघतायत?”

“दीड वर्षं.”

तिने कपात पाहिलं, मग गोदामाकडे. “मग माझा थर्मास पुरणार नाही,” ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत संग्रहालयाबाहेर धुतलेल्या शर्टांची रांग लागली होती. आत पातेल्याच्या मालकिणीला पहिला मान मिळाला, कारण चहा तिच्याच पातेल्यात उकळत होता. ते मात्र तिला सगळ्यांचा चहा होईपर्यंत नेता आलं नाही. तिकडे भाऊंच्या दुकानात खुर्ची डावीकडे वळून शिंकली आणि साडूच्या केसांचा ढीग पडला. दाढीखालून जी हनुवटी निघाली ती साडूलाही नीटशी ओळखीची वाटेना. रविवारी मुलीने वडिलांकडे दोनदा पाहिलं, मग गळ्यात पडली. पोस्टरवरचा आत्मा अजून तसाच आहे. त्याला शोधत पर्यटक साडूलाच पत्ता विचारतात.

वस्तू कुठे गेल्या, असं मुख्य कार्यालयाने पत्राने विचारलं. मॅडमने उलटटपाली लिहिलं, ‘वापरात आहेत.’ दोऱ्या तिने जागच्या जागी ठेवल्यात. मोकळ्या जागेचेही लोक फोटो काढतात.

गडबडीत ‘हात लावू नये’ ही पाटी खुर्चीबरोबरच आली होती. भाऊंनी ती आरशाशेजारी खिळ्याला लावली आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नाही. मंगळवारी मॅडम दुकानात आली. बाकावर बसली. लग्न कसं झालं विचारलं, भाऊंच्या बायकोशी भाज्यांवर बोलली, दोन कप चहा घेतला. पाटीकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

मग ‘बरं, निघते’ म्हणत उठली आणि जाता जाता पाटी काखोटीला मारली.

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. “शिकली,” ते म्हणाले.

“छत्री ठेवून गेलीय,” बायको म्हणाली. “मुद्दाम.”