या घरचा नाताळ कधी

तुम्ही एका डगमगत्या स्टुलावर उभे आहात, अशी कल्पना करा. टाचा उंचावल्या आहेत, एका हाताने माळ्याची कड घट्ट धरली आहे आणि दुसरा हात कागदी चांदणीच्या खोक्यापर्यंत आता पोचणारच आहे. तेवढ्यात खालून आवाज येतो. रागावलेला नाही. रागावलेला असता तर बरं झालं असतं.

"रीना, राहू दे ते. उतर खाली."

दहा वर्षांची रीना उतरली. तिने स्टूल भिंतीशी सरकवलं आणि आईकडे पाहिलं. स्वाती तांदूळ निवडत बसली होती. ताटातले खडे केव्हाच संपले होते, तरी तिची बोटं फिरत होती.

"उद्या पंचवीस तारीख आहे," रीना म्हणाली.

"आपला नाताळ पंचवीसले कधी झाला?"

हे मात्र खरं होतं. धान निघालं की तुमसरच्या गिरण्या रात्रंदिवस चालतात, आणि तो तांदूळ ट्रकमधून पार केरळपर्यंत नेणाऱ्यांत रीनाचे बाबा, हेमराज, एक होते. चर्चची घंटा वाजे तेव्हा ते कुठल्यातरी धाब्यावर टायर बदलत असत. म्हणून या घरात एक रीत पडली होती: बाबा ज्या दिवशी घरी येतील, त्या दिवशी नाताळ. एका वर्षी तो तीन जानेवारीला झाला, एकदा तर चक्क संक्रांतीला. स्वाती अनारशाचं पीठ आधीच गूळ घालून डब्यात भरून ठेवी. ते पंधरा दिवस सहज टिकतं. 'नागपूर पार झालं' असा फोन आला की कढई चुलीवर चढे. वास गेला की शेजारच्या देवकाबाई हातमागावरून उठून कुंपणापाशी येत.

"तुमचा नाताळ म्हंजे जावयासारखा, बाई. कधी येईल, नेम नाही."

असं म्हणायच्या, पण अनारशांसाठी ताट घरूनच घेऊन यायच्या.

मधुकर गुरुजीही यायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते रविवारी पोरांना बायबलमधल्या गोष्टी शिकवत, आणि चोवीस तारखेला त्यांना घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरत. या दारी आले की स्वाती सांगे, "हे अजून आले नाहीत." मग गुरुजी जानेवारीत दोन-तीन पोरं घेऊन पुन्हा येत. गाणं झालं की हेमराज त्यांना ओट्यावर बसवून घेत आणि दर वर्षी तेच विचारत.

"गुरुजी, येशूचा जन्म पंचवीसले झाला, हे बायबलात कुठं लिहिलं आहे?"

"कुठंच नाही."

"मग?"

"मग काही नाही. दे अजून एक अनारसा."

यंदा सप्टेंबरात फोन आला तो दुसऱ्याच माणसाचा. हैदराबादच्या पुढे हेमराज गाडी बाजूला लावून झोपले होते, ते उठले नाहीत.

तेव्हापासून रीना एक हिशेब मनातल्या मनात मांडत होती. बाबा येतील त्या दिवशी नाताळ. बाबा येणार नाहीत. त्याच्या पुढे काय, हे तिने कोणाला विचारलं नव्हतं. आई उत्तर देईल, याचीच तिला भीती वाटत होती.

दिवेलागणीला गल्लीच्या टोकाशी ढोलकी वाजली. आवाज एकेका दारी थांबत, वाजत, जवळ आला. स्वातीने ताट बाजूला ठेवलं आणि ती उठून दारात उभी राहिली. दिवा लावला नाही. पायऱ्यांखाली सात-आठ पोरं होती, स्वेटर घातलेली, आणि त्यांच्या मागे मफलर गुंडाळलेले गुरुजी.

"आमच्याकडे नका गाऊ, गुरुजी."

"बरं," गुरुजी म्हणाले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पुढे विचारून बसले, "मग कधी येऊ, बाई?"

शब्द तोंडातून गेले तेव्हा त्यांना कळलं. ढोलकीवाल्याने हात ढोलकीवर दाबून धरला.

"आता कोणती तारीख सांगू तुमाले?" स्वाती म्हणाली.

गुरुजी पायरीवर बसले.

"हेमराजनं मले दर साली हरवलं," ते म्हणाले. "तारखेत काही नाही, हे त्याचं बरोबरच होतं. मी पोराईले तेच शिकवतो. पण ज्याच्या घरी येणारं माणूसच राहिलं नाही, त्यानं काय करायचं, हे मी त्याले कधी विचारलं नाही. मले सुचलंच नाही, बाई."

"विचारलं असतं तर हसले असते."

"हो. हसला असता."

पलीकडे देवकाबाईंचा माग थांबला होता.

"जा, गुरुजी. पोरं थंडीत उभी आहेत," स्वाती म्हणाली, आणि तिने दाराची एक फळी लोटली.

तेव्हा रीना तिच्या हाताखालून बाहेर पडली.

"कुठं जाऊन राहिली?"

गुरुजींच्या बाजूने ती पायऱ्या उतरली, पोरांमधून वाट काढत फाटकापर्यंत गेली, आणि फाटक उघडून बाहेर रस्त्यावर. तिथे ती क्षणभर दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली. फाटकाची कडी तिने वाजवली, आत आली, अनवाणी पायांनी एकेक पायरी चढली आणि अर्ध्या उघड्या दारासमोर येऊन थांबली.

"आई, मी घरी आली," ती म्हणाली, आणि आत बोलावण्याची वाट पाहत उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.